९५ टक्के, पण किती जणांपैकी? मुंबईतली माध्यमिक शाळा पारखण्याची रीत

दहावीचा निकाल लागला की मुंबईच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्स चढतात. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा', खाली पहिल्या पाच मुलांचे फोटो, त्याखाली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे. मुलाला आठवीत किंवा नववीत कुठे घालायचं या विचारात असलेले आईवडील तो आकडा वाचतात आणि बऱ्याचदा निर्णय तिथेच होतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या पालकांसाठीही आहे. पहिल्या बैठकीत निकालाचा आणि उपस्थितीचा कागद हातात येतो, सगळे माना डोलावतात, आणि त्यातलं नेमकं काय बघायचं हे कोणी सांगत नाही.

मुख्य मुद्दा एकच आहे. शाळेचा निकाल दहावीला बसलेल्या मुलांवरून जोखायचा नसतो, शाळेत दाखल झालेल्या मुलांवरून जोखायचा असतो. दाखल झालेल्यांपैकी किती दहावीपर्यंत पोचले, रोज किती जण वर्गात असतात आणि शेवटी किती पास झाले, हे तिन्ही एकत्र वाचलं तरच शाळा कळते. खाली सांगितलेलं सगळं काम साध्या पालकाला जमणारं आहे. वही, पेन, मोबाइल आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं.

१. शाळा कोणाची आणि कुठल्या वर्गापर्यंतची?

मुंबईत एकाच गल्लीत चार प्रकारच्या शाळा असू शकतात. महापालिकेची, खासगी संस्थेची पण सरकारी अनुदानावर चालणारी, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित. हा लेख पहिल्या दोन प्रकारांबद्दल आहे, कारण त्या जनतेच्या पैशांवर चालतात आणि त्यांच्याकडे हिशेब मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. अलीकडे 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने काही शाळा केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्याही आहेत. तेव्हा पाटीवर मंडळ कोणतं आहे ते पाहा. राज्य मंडळाच्या शाळेचा निकाल आणि केंद्रीय मंडळाच्या शाळेचा निकाल शेजारी ठेवून काही कळत नाही.

पालिकेच्या कित्येक शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत. नववीला मूल दुसऱ्या शाळेत जातं आणि या सांध्यावर मुलं गळतात, विशेषतः मुली. म्हणून धाकटं मूल पाचवीत असलं तरी आत्ताच विचारा: तुमच्याकडची आठवी झालेली मुलं पुढे कुठे जातात? ज्या मुख्याध्यापकांना हे ठाऊक असतं ते शाळांची नावं आणि मुलांचे आकडे सांगतात. 'जातात जवळपास कुठेतरी' हे उत्तर मला काळजीचं वाटतं.

२. यूडायस क्रमांक मिळवा

देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. शाळेच्या कार्यालयात मिळतो, मुलाच्या दाखल्यावरही बहुधा असतो. केंद्र सरकारच्या यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या भागात तो टाकला की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. त्यात इयत्तावार पटसंख्या, मुलामुलींची संख्या, शिक्षक, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, संगणक अशी माहिती असते. लागोपाठच्या तीन-चार वर्षांचे कागद उतरवून घ्या.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. ही माहिती शाळेनेच भरलेली असते. आणि पट ३० सप्टेंबरच्या स्थितीचा धरतात, म्हणजे जूनमध्ये आलेलं आणि ऑगस्टमध्ये गेलेलं मूल त्यात दिसणार नाही. तरीही पुढचं बरंचसं गणित याच कागदावर मांडता येतं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या अहवालात मुंबई शोधू नका. ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं असतं. पालिकेच्या शाळांबद्दल प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था दरवर्षी अहवाल काढते, त्यातली बरीच माहिती माहितीच्या अधिकारात मागवलेली असते. शहराचं चित्र समजायला तो चांगला आहे. एकेका शाळेची पारख मात्र आपल्यालाच करावी लागते.

३. निकालपत्रक मागा, टक्केवारी नको

मंडळाकडून शाळेला एकत्रित निकाल मिळतो. त्यात नोंदणी झालेले, परीक्षेला बसलेले, विशेष प्राविण्य (७५ टक्क्यांपासून पुढे), प्रथम श्रेणी (६० पासून), द्वितीय श्रेणी (४५ पासून), उत्तीर्ण श्रेणी (३५ पासून) आणि एकूण उत्तीर्ण असे रकाने असतात. मुख्याध्यापकांकडे गेलात तर 'निकाल किती लागला?' असं विचारू नका, कारण उत्तर एका आकड्यात मिळेल. 'मागच्या तीन वर्षांचं श्रेणीनिहाय निकालपत्रक बघायला मिळेल का?' असं विचारा.

श्रेणींच्या रकान्यांतून बरंच कळतं. दोन शाळांचा निकाल ९२ टक्केच असेल, पण एकीत निम्मी मुलं प्रथम श्रेणीच्या वर आणि दुसरीत निम्मी ३५ ते ४५ च्या दरम्यान असू शकतात. पहिल्या शाळेतल्या मुलाला अकरावीला हवी ती शाखा निवडता येते. दुसऱ्या शाळेतल्या मुलाला मिळेल तिथे जावं लागतं.

वर्ग लहान असेल तर टक्केवारीला फार किंमत देऊ नका. गिरगाव, दादर, परळ भागातल्या अनेक मराठी शाळांचा पट उतरला आहे. अठरा मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की निकाल ९४ वर येतो आणि सगळी पास झाली की १०० होतो. एवढ्या फरकावरून शाळा सुधारली किंवा बिघडली असं म्हणता येत नाही. अशा शाळेच्या तीन वर्षांतल्या मुलांची बेरीज करून मगच टक्के काढावेत.

४. एक तुकडी धरा आणि तिच्या मागे जा

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. यंदा दहावी झालेली मुलं दोन वर्षांपूर्वी आठवीत होती. तेव्हा आठवीचा पट किती होता? गेल्या वर्षी नववीचा किती होता? यंदा दहावीचा किती? परीक्षेला किती बसले, पास किती झाले? हे पाच आकडे एका ओळीत लिहा.

समजा, एका शाळेची ओळ अशी आली: १२०, ११४, ८८, ८४, ८०. बसलेल्या ८४ पैकी ८० पास, म्हणजे निकाल ९५ टक्के. फ्लेक्स लागला. दुसऱ्या शाळेची ओळ: ९०, ८९, ८६, ८५, ७५. बसलेल्या ८५ पैकी ७५ पास, निकाल ८८ टक्के. फ्लेक्स नाही. आता आठवीच्या पटाशी तुलना करा. पहिल्या शाळेत १२० पैकी ८० मुलं दहावी पास होऊन बाहेर पडली, म्हणजे ६७ टक्क्यांच्या आत. दुसऱ्या शाळेत ९० पैकी ७५, म्हणजे ८३ टक्के. माझं मूल अभ्यासात मागे असतं तर मी त्याला डोळे झाकून दुसऱ्या शाळेत घातलं असतं.

पहिल्या शाळेत नववी ते दहावी या एका टप्प्यात २६ मुलं कमी झाली. हीच जागा बघायची असते. नववीत मुलं गाळण्याची सवय काही शाळांना आहे, आणि ती का लागते हे समजून घेतलं पाहिजे. दहावीच्या निकालाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, नववीच्या निकालाकडे कोणाचंच नसतं. म्हणून गणितात आणि इंग्रजीत कच्ची असलेली मुलं नववीतच अडतात. काहींना त्याच वर्गात बसवतात. काहींच्या पालकांना बोलावून 'दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा' असं सुचवतात. काहींना '१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा' असा सल्ला मिळतो. १७ नंबरच्या फॉर्मवर बसलेलं मूल मंडळाच्या हिशेबात खासगी विद्यार्थी असतं. पुन्हा बसणाऱ्यांचा निकालही नियमित मुलांपासून वेगळा धरतात. शाळेचा म्हणून सांगितला जातो तो नियमित मुलांचा निकाल. तीन वर्षं त्याच बाकावर बसलेलं मूल असं त्या आकड्यातून नाहीसं होतं, आणि घरी मात्र ते रोज दिसत असतं.

हे सगळं शाळेच्या दुष्टपणामुळे होतं असं समजू नका. निकाल घसरला की मुख्याध्यापकांना वरून विचारणा होते. पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवतात तेव्हा, शिक्षकांची पदं जातात. दोन्ही बाजूंनी ओढ असते. काही मुख्याध्यापक या ओढीतही कच्च्या मुलांना धरून ठेवतात, त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर वर्ग घेतात, आणि त्यांचा निकाल ८८ टक्के लागतो. अशा शाळा शोधून काढण्यासाठीच ही ओळ मांडायची.

मुंबईत मुलं कमी होण्याची खरी कारणंही खूप आहेत, तीही तपासली पाहिजेत. झोपडपट्टी पुनर्वसनात घर पाडलं आणि कुटुंब संक्रमण शिबिरात गेलं. तानसा जलवाहिनीलगतची घरं हटवली तेव्हा कितीतरी कुटुंबं माहुलला गेली आणि मुलांची शाळा मागे राहिली. भाडं परवडेना म्हणून कोणी नालासोपाऱ्याला गेलं, कोणी दिव्याला. वडिलांचं काम सुटलं आणि सगळं घर गावी परतलं. म्हणून कमी झालेल्या मुलांमागे नेमका प्रश्न हा विचारायचा: दाखला घेऊन गेलेले किती, नववीत नापास झालेले किती, आणि न सांगता यायचे थांबलेले किती? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक दाखल्यासमोर कारण लिहिलेलं असतं. कारणांचे आकडे शाळेला काढता येतात. 'स्थलांतर' हे एकच कारण सगळ्यांपुढे लिहिलेलं असेल तर दाखला घेणारी मुलं जून महिन्यातच, नववीच्या निकालानंतर, एकगठ्ठा गेली आहेत का ते बघा.

ओळीत आकडा वाढलेला दिसला, म्हणजे नववीपेक्षा दहावीचा पट मोठा असला, तर बाहेरून आलेली किंवा त्याच वर्गात राहिलेली मुलं त्यात आहेत. ती वेगळी काढून मागा.

५. वर्षाची तुलना त्याच वर्षाशी

'आमचा निकाल तीन वर्षांत वीस टक्क्यांनी वाढला' असं कोणी सांगितलं की राज्याचा त्या वर्षांचा निकाल बघा. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर आला. मुलं एका वर्षात बिघडली नव्हती. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. पालिकेच्या शाळांचा निकाल त्या वर्षी ५३ टक्क्यांच्या आसपास आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण मिळाले, आणि २०२० चा राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के. २०२२ साली अभ्यासक्रम कमी केलेला होता. २०२३ साली पूर्ण अभ्यासक्रम परत आला, तेव्हा ९३.८३. २०२४ ला ९५.८१, २०२५ ला ९४.१०.

यावरून दोन गोष्टी निघतात. २०२० ते २०२२ चे आकडे शाळेची पारख करायला वापरू नका. आणि शाळेचा निकाल नेहमी त्याच वर्षीच्या मुंबई विभागाच्या निकालाशेजारी ठेवा. मुंबई विभागात मुंबईबरोबर ठाणे, पालघर आणि रायगडही येतात. राज्यच ९५ च्या आसपास असताना ९५ टक्के निकाल म्हणजे सर्वसाधारण निकाल.

२०१९ चा निकाल मात्र जरूर मागा, जुना झाला असला तरी. अंतर्गत गुणांचा आधार नव्हता तेव्हा ही शाळा कुठे होती हे त्यातून दिसतं. त्या वर्षी जी शाळा फार कोसळली नाही तिथे लेखी अभ्यास खरोखर होत होता. तेच शिक्षक आजही आहेत का, एवढं विचारून घ्या.

६. गुण कुठून आले?

दहावीला भाषांचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. गणितात ४०-४० चे दोन लेखी भाग आणि २० अंतर्गत, विज्ञानातही तसंच. अंतर्गत गुण शाळा देते. सगळ्यांना अठरा-एकोणीस मिळत असतील तर लेखीत थोडक्यावर भागतं. ते मूल अकरावीत किंवा आयटीआयला गेल्यावर पहिल्या चाचणीतच अडखळतं. म्हणून पूर्वपरीक्षेचा, म्हणजे प्रिलिमचा, विषयवार निकाल मागा. ते पेपर शाळेतच तपासले जातात आणि तिथे सहसा हात सैल सोडत नाहीत.

गणित आणि इंग्रजी हे दोन विषय बघितले तरी पुरे. या विषयांचा शिक्षक कायम आहे की तासिका तत्त्वावर? वर्षात किती जण बदलले? जागा रिकामी असेल तर तास कोण घेतं? निवडणुकीची कामं निघाली की शिक्षक वर्गाबाहेर जातात. त्या काळात त्यांच्या तासांचं काय होतं? दहावीच्या गणिताचा शिक्षक दिवाळीपर्यंत नसेल तर बाकी कुठलाही आकडा बघण्याआधी हा प्रश्न बैठकीत मांडा.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळाले म्हणून कोणाची टक्केवारी वाढली असेल तर त्यात वावगं काही नाही. उलट ही शाळा मुलांना पुस्तकापलीकडे नेते याची ती खूण आहे. तसंच शिष्यवृत्ती परीक्षा आणि एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची आठवीतली परीक्षा यांना किती मुलं बसली, किती निवडली गेली ते विचारा. एनएमएमएसमध्ये निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच ती आहे. एखादी शाळा या परीक्षेला मुलंच बसवत नसेल तर मुलांचा हक्काचा पैसा बुडतो, आणि हे मला निकालाच्या टक्क्यापेक्षा जास्त लागतं.

७. हजेरी वाचायला शिका

उपस्थितीचा आकडा निकालाच्या आकड्यापेक्षाही फसवा असतो, कारण तो सरासरी असतो. ५० मुलांचा वर्ग, महिन्यात २४ दिवस शाळा भरली, म्हणजे पूर्ण हजेरी १,२००. त्यातल्या १,०८० लागल्या तर सरासरी उपस्थिती ९० टक्के. ऐकायला चांगली वाटते. पण गेलेल्या १२० हजेऱ्या कोणाच्या? प्रत्येक मुलाचे दोन-तीन खाडे असतील तर काळजी नाही, कोणाला ताप आला, कोणाच्या घरी लग्न होतं. पाच मुलं महिनाभर आलीच नसतील तरीही सरासरी ९०च येते. पहिला वर्ग ठीक चालला आहे. दुसऱ्या वर्गातली पाच मुलं शाळेतून निघून चालली आहेत, आणि कागद दोन्हींना एकच आकडा देतो.

म्हणून सरासरीबरोबर दुसरा आकडा मागा: महिन्यात पाचपेक्षा जास्त खाडे असलेली मुलं किती? हजेरीपटावर महिनाअखेरीस प्रत्येक मुलापुढे हजर दिवसांची बेरीज असते, त्यामुळे वर्गशिक्षकाला हे काढायला दहा मिनिटं लागतात. नाव मागू नका. मुलांची नावं आणि घरातली कारणं हा खासगी मामला आहे, आणि नावं मागितली की शिक्षक आखडतात. संख्या पुरते.

दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे वर्षाच्या शेवटी हजेरीपट जुळवण्याचा मोह होतो. बरीच मुलं बरोबर ७५-७६ वर थांबलेली दिसली तर त्या बेरजांवर विसंबू नका, नववीची हजेरी बघा.

मुंबईची हजेरी ऋतूप्रमाणे हलते, हे माहीत नसलं की चुकीचे निष्कर्ष निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरलं की कुर्ला, सायन, हिंदमाता परिसरातल्या शाळांचे आकडे पडतात. लोकल बंद पडली की शिक्षकही पोचत नाहीत. गणपतीला आणि शिमग्याला कोकणातली कुटुंबं गावी जातात आणि सुट्टीच्या पुढेमागे चार दिवस जास्त राहतात. म्हणून एका शाळेचा ऑगस्ट दुसऱ्या शाळेच्या डिसेंबरशी ताडू नका. मला स्वतःला तपासायला नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य हा काळ बरा वाटतो. पाऊस संपलेला असतो, दिवाळीची सुट्टी झालेली असते. या काळातही कमी असलेली उपस्थिती खरी दुखणी दाखवते.

ती दुखणी विचारल्याशिवाय कळत नाहीत. गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत नळाला ज्या वेळी पाणी येतं त्याच वेळी सकाळचं सत्र भरत असेल तर मोठी मुलगी पाणी भरायला थांबते. आई घरकामाला गेली की धाकट्याला सांभाळायलाही तीच. मुलगे टपरीवर, गॅरेजमध्ये हात लावायला जातात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, नववीपासून दुपारचं जेवण नाही. आठवी आणि नववीची त्याच महिन्यातली उपस्थिती शेजारी ठेवून पाहा. उतार मोठा असेल तर मुलं भुकेपायी किंवा कामापायी थांबतात का हा प्रश्न समितीत मांडण्यासारखा आहे. मुलींची आणि मुलांची उपस्थितीही वेगळी काढा. मुलींचं स्वच्छतागृह बंद असेल, पाणी नसेल, तर महिन्यातले दोन-तीन खाडे ठरलेले, आणि हा दोष दुरुस्त करायला थोडा पैसाही पुरतो.

शाळा गैरहजर मुलामागे काय करते हेही विचारा. तिसऱ्या दिवशी फोन जातो का? कोणी घरी जातं का? शाळाबाह्य होऊ पाहणाऱ्या मुलांना परत आणण्यासाठी राज्यात 'बालरक्षक' म्हणून काम करणारे शिक्षक आहेत. तुमच्या शाळेत कोणी आहे का? ज्या शाळेत वर्गशिक्षिका 'तो गेला आठवडाभर नाही, त्याच्या आईचं ऑपरेशन आहे' असं रजिस्टर न उघडता सांगते, तिथली हजेरी ८२ टक्के असली तरी मी ती शाळा चांगली मानतो.

८. एकदा जाऊन मोजा

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस पथकं शाळाशाळांत गेली, आणि तेच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली. कागदावरचा पट आणि बाकांवरची मुलं यांत किती अंतर असू शकतं हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. आता मुलांची नोंद आधारशी जोडली जाते, त्यामुळे नुसतीच खोटी नावं घुसवणं अवघड झालं आहे. नाव खरं आणि मूल मात्र वर्गात नाही, हे अजूनही होतं.

समितीचे सदस्य असाल तर मुख्याध्यापकांना सांगून वर्गांवर फेरी मारता येते. सदस्य नसाल तर प्रवेशाआधी शाळा बघायची आहे असं सांगून विनंती करा. शनिवार नको, परीक्षेचा आठवडा नको, कार्यक्रमाचा दिवस तर नकोच. मधल्या आठवड्यातला साधा दिवस निवडा आणि मधल्या सुट्टीनंतर जा. सकाळी हजेरी लागते आणि सुट्टीत काही मुलं निसटतात. प्रत्येक वर्गासाठी तीन आकडे लिहा: पट, त्या दिवशी लागलेली हजेरी, आणि समोर बसलेली मुलं. पहिल्या दोनांतलं अंतर ही घरांची अडचण आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर ही शाळेची अडचण आहे, आणि तिचं उत्तर शाळेनेच द्यायचं असतं.

वर्गाच्या दारात उभं राहून फळा बघा. कुठल्या तारखेचा धडा आहे? मागच्या बाकावरच्या मुलाची वही तपासलेली आहे का? शाळासिद्धीसारख्या स्वयंमूल्यमापनात शाळेने स्वतःला कितीही वरची श्रेणी दिलेली असो, मागच्या बाकावरच्या वहीवर मी जास्त विश्वास ठेवतो.

९. माहिती मिळाली नाही तर

आधी तोंडी विचारा, मग शाळेच्या नावाने साधं पत्र द्या आणि पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. त्या सदस्यांमार्फत विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेता येतो. माध्यमिक वर्गांसाठी पालक-शिक्षक संघातही हा प्रश्न मांडता येतो. बऱ्याच शाळा एवढ्यावर माहिती देतात. मुख्याध्यापकांशी बोलताना 'तुमची शाळा कशी चालते ते तपासायला आलो' असा सूर लावू नका. 'नववीतून मुलं कमी होतात, आम्हाला काही मदत करता येईल का?' असं म्हटलं की रजिस्टरं आपोआप टेबलावर येतात.

नाहीच आली तर माहितीचा अधिकार आहे. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना तो लागू आहे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा नेमकं लिहा. असं:

'आपल्या शाळेतील मागील तीन शैक्षणिक वर्षांतील इयत्ता आठवी, नववी व दहावीची ३० सप्टेंबर रोजीची पटसंख्या. नववीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या. नववी व दहावीत शाळा सोडल्याचा दाखला दिलेल्या विद्यार्थ्यांची कारणनिहाय संख्या. व दहावीस बसलेल्या आणि उत्तीर्ण झालेल्या नियमित विद्यार्थ्यांची श्रेणीनिहाय संख्या द्यावी. विद्यार्थ्यांची नावे नकोत.'

उपस्थितीसाठी दुसरा अर्ज करा: डिसेंबर महिन्याची इयत्तानिहाय सरासरी उपस्थिती, मुलं-मुली स्वतंत्र, आणि पाचपेक्षा जास्त दिवस गैरहजर असलेल्यांची संख्या. हा अर्ज जानेवारीत टाका.

उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. तक्रार न्यायची वेळ आली तर पालिकेच्या शाळेसाठी पालिकेचा शिक्षण विभाग, आणि खासगी अनुदानित शाळेसाठी त्या भागाचे शिक्षण निरीक्षक. मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी त्यांची तीन कार्यालयं आहेत.

मुलाला जूनमध्ये शाळेत घालायचं असेल तर पटाचा आणि निकालाचा अर्ज दिवाळीची सुट्टी संपल्यावर लगेच टाका. अपील करावं लागलं तरी मार्चपर्यंत उत्तर हाती येतं, आणि एप्रिलमध्ये दोन-तीन शाळांच्या त्या पाच आकड्यांच्या ओळी एकाखाली एक लिहून घरी सगळ्यांना बसून बघता येतात. मुलालाही दाखवा, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हे गणित सहज कळतं.